अरुंद अलंकृत अक्षराची कैफियत

मुद्रणकलेविषयी गंभीरपणे लिहिणाऱ्या मंडळींत एक निवाडा इतक्या निःशंकपणे गृहीत धरला जातो, की त्यावर कोणी अपील करू शकेल ही शक्यताही त्यांच्या मनाला शिवत नाही. तो निवाडा असा : एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेच्या छापखान्यांनी भित्तिपत्रकांसाठी जी उंच, अरुंद, टोकांशी दुभंगलेली आणि मध्यावर टोकदार गाठ असलेली रोमन अक्षरे प्रचारात आणली, ती अक्षरकलेच्या अधोगतीची खूण होय, ती वाचण्यास कष्टप्रद आहेत, त्यांचा अलंकार निरर्थक आहे, त्यांचा जन्म बाजारात झाला आणि त्यांनी बाजारातच राहावे, आणि सुसंस्कृत मुद्रकाला त्यांचा उपयोग करावयाचाच झाला, तर तो गतकालाची गंमत म्हणून, क्षणभर आणि क्षमायाचनापूर्वक करावा. हा निवाडा मला सर्वस्वी अमान्य आहे. अभिरुचीचा प्रश्न म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु ज्या आधारांवर तो उभा आहे ते आधारच चुकीचे आहेत. त्यांत हिशेबाची चूक आहे, इतिहासाची चूक आहे, आणि ज्याच्यासाठी ही अक्षरे निर्माण झाली त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाविषयीची अनास्थाही आहे.

ज्या अक्षराविषयी हा वाद आहे त्याचे कूळ टस्कन या नावाने ओळखले जाते. लंडनचे टाईप ओतणारे व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५ ते १८१७ च्या सुमारास त्याला खिळ्याचे रूप दिले, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत अमेरिकेतील लाकडी टाईप करणाऱ्या कारखान्यांनी त्याचे इतके प्रकार काढले, की त्यांचे नमुनाग्रंथ पाहताना आजही मन थक्क होते. नेहमीच्या रोमन अक्षरात उभ्या रेघेच्या टोकाशी जी आडवी रेघ, म्हणजे सेरिफ, येते, ती टस्कनमध्ये दोन बाजूंना फाकते आणि वळते. उभ्या दांड्याच्या मध्यावर दोन्ही अंगांना एक टोक बाहेर येते. आणि अरुंद प्रकारात तर ओ, सी, जी, डी यांसारखी मुळात वाटोळी असलेली अक्षरेही उभ्या, सरळ बाजूंच्या चौकटीत बसविली जातात. आजच्या वाचकाला यांतला सर्वांत सहज भेटणारा नमुना म्हणजे अडोबी कंपनीने १९९० साली जुन्या लाकडी टाईपांच्या आधाराने सिद्ध केलेला आणि जॉय रेडिक यांनी रेखाटलेला ‘मेस्कीट’ हा संच. त्यात केवळ मोठी अक्षरे आहेत, लहान अक्षरे नाहीत. आणि ही उणीव नसून त्या टाईपाने स्वतःच्या अधिकारक्षेत्राची आखलेली हद्द आहे, हे त्याच्या टीकाकारांनी प्रथम ध्यानात घ्यावयास हवे होते.

आता हे अक्षर अरुंद का झाले, या प्रश्नाचे उत्तर ‘तत्कालीन लोकांची बिघडलेली अभिरुची’ असे देणे म्हणजे उत्तर देण्याचे टाळणे होय. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे फार मोठे खिळे ओतले, तर ते वजनाला अवाढव्य होतात, निवताना त्यांचा पृष्ठभाग सपाट राहत नाही आणि त्यांची किंमत लहान छापखान्यांना पेलत नाही. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी १८२७ साली फिरत्या पात्याचे यंत्र वापरून लाकडी अक्षरे मोठ्या प्रमाणावर कोरण्याची युक्ती काढली, १८२८ साली आपला नमुनाग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८३४ साली विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्या पात्याला पँटोग्राफची जोड दिली. त्यामुळे एकदा तयार केलेल्या नमुन्याच्या कडेवरून सळई फिरवली की मेपलच्या घट्ट लाकडात तेच अक्षर हव्या त्या आकारात उतरू लागले. गावोगावच्या छापखान्यांना हाताच्या वितीएवढी अक्षरे प्रथमच परवडू लागली ती या युक्तीमुळे. परंतु अक्षर मोठे झाले तरी कागद काही रुंद झाला नाही. भित्तिपत्रक उंच आणि निरुंद असे, आणि त्याची प्रत्येक ओळ डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत भरून निघाली पाहिजे हा जुळाऱ्याचा दंडक असे. मग एखाद्या ओळीत तीन अक्षरांचा शब्द येवो की तेरा अक्षरांचे नाव येवो. म्हणून एकाच वळणाचा टाईप रुंद, साधा, अरुंद, अधिक अरुंद, त्याहूनही अरुंद अशा पायऱ्यांनी कोरला जाऊ लागला, आणि जुळारी ज्या नावासाठी जी पायरी चपखल बसे ती निवडू लागला. यात अभिरुचीचा बिघाड कोठे आहे? हा तर मापाच्या बंधनातून निघालेला कारागिराचा विवेक आहे.

आणि येथेच टीकाकारांच्या हिशेबाची चूक उघडी पडते. अरुंद अक्षर वाचण्यास कठीण असते, हे सिद्ध करण्यासाठी ते एक अरुंद आणि एक साधे अक्षर समान उंचीचे घेऊन शेजारी ठेवतात, आणि अरुंद अक्षराच्या पोटातली मोकळी जागा कशी आवळली गेली आहे ते दाखवितात. तुलनाच जर अशी केली तर निकाल तोच लागणार. परंतु ज्याच्यापुढे वीस इंच रुंदीचा कागद आहे आणि दहा अक्षरांचे नाव आहे, त्या जुळाऱ्यापुढे हा पर्याय कधीच नसतो. त्याच्या वाट्याला प्रत्येक अक्षरामागे दोन इंच रुंदी येते. ती वाढविणे त्याच्या हाती नाही. साध्या वळणाच्या अक्षराची रुंदी उंचीच्या सुमारे सात-दशांश धरली, तर त्याचे नाव पावणेतीन इंचांपेक्षा किंचित अधिक उंच होईल. आणि उंचीच्या एक-चतुर्थांश रुंदीचे अरुंद अक्षर घेतले, तर तेच नाव त्याच कागदावर आठ इंच उंच उभे राहील. रुंदीच्या बाजूने दोहोंतही अक्षराला दोनच इंच मिळाले. म्हणजे आडव्या दिशेने अरुंद अक्षराने काहीही गमावले नाही, आणि उभ्या दिशेने मात्र जवळजवळ तिप्पट कमाई केली. समान उंचीची तुलना ग्रंथाच्या पानावर न्याय्य असेल, कारण तेथे ओळीची उंची ठरलेली असते. भिंतीवर रुंदी ठरलेली असते, आणि म्हणून तेथे समान रुंदीचीच तुलना न्याय्य ठरते. एका कामाची मोजपट्टी दुसऱ्या कामाला लावून मग त्या दुसऱ्या कामाला खोटे ठरविणे, हा प्रकार कोणत्याही पंचायतीत टिकला नसता. मुद्रणसमीक्षेत मात्र तो वर्षानुवर्षे टिकून आहे.

अलंकाराविषयीही असेच. सरळ बाजूंची, निराभरण, अतिशय अरुंद अक्षरे ओळीत लावून पाहावीत. सारख्या अंतरावर उभ्या राहिलेल्या काळ्या रेघांची एक रांग डोळ्यांपुढे येते आणि शब्द म्हणून जे एकसंध रूप दिसावयास हवे ते विस्कटते. उभ्या रेघांच्या या दाटीला आवर घालावयाचा तर काही आडवे बळ लागते. टस्कनची फाकलेली टोके शब्दाच्या माथ्याशी आणि पायथ्याशी दोन गडद पट्टे निर्माण करतात, आणि मध्यावरची टोके एका अक्षराकडून दुसऱ्या अक्षराकडे नजरेला हात देत तिसरी, अदृश्य अशी आडवी ओळ आखतात. ज्या वाचकाची नजर देवनागरीवर पोसलेली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही; आपली शिरोरेषा नेमके हेच कार्य शतकानुशतके करीत आली आहे, आणि तिला अलंकार म्हणून कोणी हिणविलेले नाही. अलंकार हा वरून चिकटविलेला असतो आणि रचना आतून आलेली असते, असा जो ठाम भेद केला जातो, तो या अक्षरापुरता तरी खरा नाही. येथे अलंकार काढून घेतला तर रचनाच ढासळते. प्रत्येक अलंकृत टाईपाविषयी मी असे म्हणणार नाही. अक्षराच्या अंगावर वेली, नक्षी आणि देखावे कोरलेले कितीतरी टाईप त्याच काळात निघाले, आणि त्यांतले पुष्कळसे केवळ स्पर्धेपायी निघाले. त्यांची वकिली करण्याचे मला कारण नाही. परंतु चांगल्या अरुंद टस्कनला त्यांच्या पंक्तीला बसवून एकाच हुकुमाने सर्वांना हद्दपार करणे हा आळस आहे.

या हद्दपारीचा तात्त्विक आधार विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाचे वास्तुकार आडोल्फ लोस यांनी घालून दिला. उपयोगाच्या वस्तूंवरून अलंकार नाहीसा होणे म्हणजेच संस्कृतीची प्रगती, असा त्यांचा सिद्धान्त. आणि त्यासाठी त्यांनी जी शिडी उभी केली, तिच्या तळाशी अंगावर गोंदवून घेणारा पापुआचा आदिवासी आणि शिखरावर निराभरण वस्तूंत रमणारा युरोपीय नागरिक बसविला. ज्या देशाच्या देवळांपासून तांब्यापितळेच्या भांड्यांपर्यंत सारे काही या शिडीवर खालच्या पायरीला जाते, त्या देशातील विद्यार्थ्यांनी आपल्या कलाशाळांतून हा सिद्धान्त निमूटपणे पाठ करावा, याचे मला दुःख वाटते. लोस यांच्यानंतर यान चिखोल्ड यांनी १९२८ साली आपल्या ‘नव्या मुद्रणरचने’च्या ग्रंथात सेरिफरहित अक्षर हेच एक युगानुरूप असे फर्मान काढले, पण चिखोल्ड हे प्रामाणिक पुरुष होते, आणि पुढे त्यांनी स्वतःच त्या आग्रहातील हुकूमशाही वृत्ती ओळखून ती टाकून दिली; १९४७ पासून पेंग्विनच्या पुस्तकांना जे देखणे, पारंपरिक रूप दिले ते सर्वश्रुत आहे. गुरूने मागे घेतलेले फर्मान शिष्य अजून अमलात आणीत आहेत.

याहून अधिक आदराने ज्यांच्याशी वाद घातला पाहिजे त्या बिएट्रिस वॉर्ड. मोनोटाईप कंपनीच्या प्रचारकार्याची धुरा वाहणाऱ्या या विदुषीने १९३० साली लंडनच्या मुद्रणरचनाकारांपुढे जे व्याख्यान दिले, त्यात मद्याचा स्वच्छ काचेचा पेला आणि नक्षीदार सोन्याचा पेला यांची तुलना करून असे प्रतिपादिले, की ज्याला मद्याची खरी पारख आहे तो काचेचाच पेला उचलील, आणि त्याप्रमाणेच उत्तम मुद्रण ते, की जे स्वतः दिसत नाही, केवळ आशय दिसू देते. ग्रंथाच्या पानापुरते हे विवेचन निर्दोष आहे, आणि त्यातील एक शब्दही मी बदलू इच्छित नाही. चारशे पानांची कादंबरी वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीगणिक टाईपाने आपले अस्तित्व जाणवून देणे, हा त्याच्यावर केलेला जुलूमच होय. परंतु या व्याख्यानाचा आधार घेऊन जे लोक मथळ्याच्या टाईपावर तुटून पडतात, त्यांनी ते पूर्ण वाचले आहे काय, अशी मला शंका येते. वॉर्डबाईंनी त्याच व्याख्यानात जाहिरातीच्या मथळ्याला लक्ष वेधून घेण्याची मोकळीक स्पष्टपणे दिलेली आहे. त्यांची विनवणी आहे ती मथळ्याखालच्या वाचनमजकुरासाठी. इतकेच नव्हे, तर १९३२ साली त्यांनी छापखान्याची थोरवी सांगणारा जो लहानसा मजकूर लिहिला, आणि जो पुढे जगभरच्या मुद्रणालयांच्या भिंतींवर टांगला गेला, तो एरिक गिल यांच्या पर्पेच्युआ टाईपाची मोठी अक्षरे लोकांना दाखविण्यासाठीच लिहिलेला होता. भिंतीवर आल्याबरोबर अक्षराला दिसण्याचा अधिकार मिळतो, हे त्यांनी आपल्या कृतीने मान्य केले. पानावर वाचक स्वतःहून येऊन बसलेला असतो, आणि त्याच्यापुढे मौन पाळणे हे टाईपाचे शील होय; रस्त्याने चाललेला माणूस आपल्या कामाच्या विवंचनेत असतो, आणि त्याला हाक मारून थांबविणे हे भिंतीवरच्या टाईपाचे कर्तव्य होय. ही दोन कर्तव्ये एकमेकांची वैरी नाहीत.

उरतो तो ग्राम्यतेचा आरोप, आणि तो सर्वांत जुना आहे. मुद्रक टी. सी. हॅन्सार्ड यांनी १८२५ सालच्या आपल्या ग्रंथात त्या वेळच्या नव्या जाड आणि उफराट्या घाटाच्या टाईपांचे नमुने देऊन त्यांची संभावना मुद्रणातील विद्रूपता अशीच केली होती. त्यांच्या वेळी ही वळणे नवखी होती, आणि नवख्या गोष्टीने जुन्याजाणत्या कारागिराला दचकविणे स्वाभाविकच होते. पण पुढील अर्धशतकात या साऱ्या मथळ्याच्या टाईपांनी कोणकोणती कामे केली, ते तरी पाहावे. १८५० साली अमेरिकेत पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कायदा झाला, आणि बोस्टन शहरातील पोलिसांकडे ते काम आले. तेव्हा २४ एप्रिल १८५१ रोजी त्या शहरातील कृष्णवर्णीय रहिवाशांना सावध करणारे जे पत्रक थिओडोर पार्कर या धर्मोपदेशकाने लिहिले, ते ओळीओळीला टाईपाचे वळण आणि आकार बदलीत, ठळक मथळ्याच्या अक्षरांतच छापले गेले. एप्रिल १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांच्या मारेकऱ्यांना पकडून देणाऱ्यास १,००,००० डॉलरचे इनाम जाहीर करणारे युद्धखात्याचे इश्तिहारपत्रही याच परंपरेतले आहे. ज्या पत्रकावर एखाद्या माणसाचे स्वातंत्र्य, किंवा एका राष्ट्राचा शोक आणि संताप अवलंबून आहे, ते छापताना मुद्रकाच्या मनात गंमत नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या, कदाचित अडखळत वाचणाऱ्या माणसाला दुरून पहिला शब्द कळला पाहिजे, एवढीच निकड होती. या अक्षरांना ग्राम्य म्हणणारे लोक त्या वाचणाऱ्यांनाच ग्राम्य म्हणत असतात. तसे ते उघडपणे म्हणत नाहीत इतकेच.

इंग्लंडातील विचारवंतांना ही चूक उमगली, हेही नमूद केले पाहिजे. वॉर्डबाईंच्या व्याख्यानानंतर आठच वर्षांनी, १९३८ साली, निकोलेट ग्रे यांनी एकोणिसाव्या शतकातील अलंकृत टाईपांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्या अक्षरांना कलेतिहासाच्या दफ्तरात प्रथमच मानाची नोंद मिळवून दिली; त्याच वर्षी रॉबर्ट हार्लिंग यांचा ‘प्लेबिल’ हा अरुंद, जाड आडव्या टोकांचा टाईप निघाला; आणि १९५१ साली युद्धाने पोळलेल्या ब्रिटनने जो राष्ट्रीय महोत्सव भरविला, त्याच्या फलकांवरील अक्षरांसाठी नेमलेल्या मंडळात ग्रेबाई होत्या, आणि तेथे एकोणिसाव्या शतकातील याच ठसठशीत अक्षरकुळांकडे प्रेरणेसाठी पाहिले गेले. अमेरिकेत रॉब रॉय केली या अध्यापकाने वर्षानुवर्षे मोडीत निघणारे लाकडी टाईप गोळा करून १९६९ साली त्यांचा इतिहास लिहिला. आज त्यांचा संग्रह टेक्सास विद्यापीठात जतन केलेला आहे.

मग या अक्षराचे काहीच चुकत नाही काय? अक्षराचे चुकत नाही; त्याचा उपयोग करणाऱ्यांचे पुष्कळ चुकते. हॉलिवूडच्या पश्चिमपटांनी या टाईपाला पिस्तूल, घोडा आणि दारूचा गुत्ता यांच्याशी असे जखडून टाकले, की आज मेस्कीटसारखे वळण दिसले रे दिसले की लोकांना गुराख्याची टोपीच आठवते. वस्तुतः ज्या काळात ते प्रचारात होते, त्या काळात नाटक, सर्कस, लिलाव, आगबोटींची वेळापत्रके आणि दारूबंदीच्या सभा या सर्वांचे मथळे याच टाईपांत छापले जात. सर्कशीचेच पाहावे : इंग्लंडातील रॉचडेल येथे १८४३ साली झालेल्या पाब्लो फांक यांच्या सर्कशीचे भित्तिपत्रक १९६७ साली जॉन लेनन यांच्या हाती पडले आणि त्यातील मजकुरावरून बीटल्सचे एक गाणे जन्माला आले. सव्वाशे वर्षांनंतरही जे वाचणाऱ्याच्या कल्पनेला चाळवू शकते, त्या छपाईला वाचनीयतेचे प्रमाणपत्र आणखी कोणी द्यावयाचे? दुसरा गैरवापर याहून घातक आहे, आणि तो संगणकामुळे सोपा झाला आहे. कोणतेही साधे अक्षर दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद केले की काम झाले, असे मानणाऱ्यांना हे दिसत नाही की तसे केल्याने उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या रेघा मात्र होत्या तेवढ्याच जाड राहतात, आणि अक्षराचा तोल जातो. लेव्हनवर्थच्या परंपरेतील कारागीर अरुंद अक्षरासाठी निराळा नमुना आखीत असे. अरुंद अक्षर हे अरुंदपणासाठीच रेखाटावे लागते. तिसरी गोष्ट, जी मी टीकाकारांना विनातक्रार देऊन टाकतो : दोन-चार शब्दांपलीकडे हा टाईप नेऊ नये. परिच्छेदच्या परिच्छेद त्यात जुळविणारा मुद्रक त्या टाईपाचाच अपराधी आहे.

हा वाद परकीय लिपीचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणणाऱ्या मराठी वाचकाला मी एवढेच सांगेन की मुंबईच्या वृत्तपत्रांत नाटकांच्या जाहिराती ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिल्या, त्यांना कमल शेडगे यांच्या अक्षरांनी हेच सत्य शिकविलेले आहे. नाटकाचे नाव वाचण्यापूर्वीच त्या अक्षरांच्या घडणीवरून नाटकाची प्रकृती कळत असे, आणि वर्तमानपत्राच्या स्तंभाची रुंदी ही शेडगे यांच्यापुढेही तशीच अटळ होती जशी ती अमेरिकन जुळाऱ्यापुढे होती. त्यांनी ती अडचण टाईप दाबून सोडविली नाही. अक्षर नव्याने रेखाटून सोडविली. देवनागरीत अरुंद अक्षर काढणे रोमनपेक्षाही अवघड आहे, कारण काना, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांची दाटी आधीपासूनच असते. अलीकडे ‘खंड’ आणि ‘टेको’ यांसारखे अरुंद मथळ्याचे टाईप निघाले आहेत, पण ते निराभरण आहेत. बोरूच्या कापापासून निघालेला, टोकांना स्वतःचे वळण असलेला, अरुंद आणि तरीही भरदार असा देवनागरी मथळ्याचा टाईप अजून हवा आहे.

म्हणून ही कैफियत मी एका विनंतीने संपवितो, आणि ती विनंती जुन्या छापखान्यांच्या मालकांना व त्यांच्या वारसांना आहे. आपल्या खणांत देवनागरीचे लाकडी टाईप अद्याप पडून असतील, तर ते भंगारवाल्याला किंवा शोभेच्या वस्तू विकणाऱ्याला सुटे सुटे देऊ नयेत. प्रथम त्यांच्यावर शाई फिरवून प्रत्येक अक्षराचा ठसा कागदावर घ्यावा, आकार आणि छापखान्याचे गाव खाली लिहून ठेवावे, आणि तो कागद एखाद्या कलाशाळेच्या किंवा ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करावा.